केसाच्या सातशेव्या हिश्श्याचा पट्टा

काळ्या गाडीच्या बॉनेटवर स्प्रे वॅक्स मारून पुसलं, गाडी उन्हात काढली आणि तिरके, धुरकट पट्टे दिसले, की माणूस आधी वॅक्सला बोल लावतो आणि मग फडक्याला. तो पट्टा मुळात किती जाडीचा असतो, याचा हिशेब मात्र सहसा कुणी करत नाही. तो करून पाहण्यासारखा आहे.

बाटलीचा खटका एकदा दाबला की साधारण एक मिलिलिटर द्रव बाहेर पडतो. त्यात बहुतेक पाणीच असतं. समजा, शंभरात पाच भाग मेण आणि पॉलिमर धरले, तर पाणी उडून गेल्यावर मागे राहणारा माल होतो ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. हा थेंब अर्ध्या चौरस मीटर पत्र्यावर, म्हणजे बॉनेटच्या निम्म्याहून कमी भागावर, सगळीकडे सारखा पसरला तर त्याची जाडी येते मिलिमीटरचा दहाहजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि हा थर ०.१ मायक्रॉन. केसाचा सातशेवा हिस्सा!

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. इतक्या पातळ थरातला उणाअधिकपणा आपल्याला दहा फुटांवरून दिसतो. प्रयोगशाळेत एवढी जाडी मोजायला नाजूक यंत्रं लागतात आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा असलेला माणूस तिच्यातला फरक नुसत्या नजरेनं पकडतो. पट्टे न पाडता वॅक्स लावण्याची सगळी युक्ती या एका गोष्टीतून निघते, म्हणून आधी ती नीट समजून घेऊ.

दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉनच्या दरम्यान असते. मेणाचा आपला थर तिच्या चौथ्या ते सातव्या हिश्श्याएवढा. म्हणजे थराची जाडी आणि प्रकाशाची लाट एकाच मापातल्या. अशा थरावर ऊन पडलं की थोडा प्रकाश मेणाच्या वरच्या बाजूवरून परततो, थोडा आत शिरून खालच्या रंगावरून परततो. परतीच्या वाटेवर या दोन लाटा एकमेकींत मिसळतात. कुठं शिखरावर शिखर येऊन उजेड वाढतो, कुठं शिखरावर दरी येऊन तो घटतो. जाडी किंचित बदलली तरी उजेड बदलतो आणि रंगाची झाकही बदलते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर जे रंग खेळतात ते याच कारणानं. गाडीवर मेण जास्त झालं की तिरक्या उन्हात निळसर-जांभळट छटा उमटते, तिचंही मूळ हेच.

दुसऱ्या जातीचा पट्टा पांढुरका, धुरकट असतो. तिथं थर गुळगुळीत बसलेलाच नसतो. सुकताना मागे राहिलेले कण आणि थेंबांच्या कडा प्रकाश चहूकडे विखुरतात आणि रंगावर धूर बसल्यासारखं दिसतं.

हे पट्टे काळ्या गाडीवरच जास्त का दिसतात, याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर उत्तर वाटतं. गाडीच्या रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. त्यावर सरळ पडलेल्या प्रकाशातला फक्त चार टक्के प्रकाश पृष्ठभागावरून माघारी येतो. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या सूत्रात क्लिअर कोटचा अपवर्तनांक घातला की हा आकडा मिळतो. उरलेला ९६ टक्के प्रकाश आत जातो. पांढऱ्या गाडीत तो खालच्या पांढऱ्या रंगावर आपटून पुष्कळसा बाहेर फेकला जातो आणि त्या लख्ख उजेडात पट्टा हरवून जातो. काळ्या गाडीत तो शोषला जातो. मग डोळ्यापर्यंत पोचतो तो एवढा चार टक्केच, आणि पट्टा नेमकी त्यातच लुडबुड करतो. पट्टे दोन्ही गाड्यांवर सारखेच असतात. काळी गाडी ते लपवू शकत नाही, इतकंच.

त्यात आपल्या डोळ्याचा स्वभाव भर घालतो. उजेड आणि सावली यांच्या सीमेवर डोळा असलेला फरक वाढवून दाखवतो, हे एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञानं १८६५ साली मांडलं. सगळीकडे सारखा असलेला थर डोळा विसरून जातो. कड आली की तिथं तो थबकतो. म्हणून गाडीवर मेण किती आहे याला फारसं महत्त्व नाही. त्या मेणाला कडा असता कामा नयेत.

अशा पातळ थरांचा अभ्यास ज्या माणसांनी सुरू केला, त्यांच्या गोष्टी सांगायला मला नेहमी आवडतं. बेंजामिन फ्रँकलिननं लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यात एक चमचाभर तेल ओतलं आणि बघता बघता अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. त्याचा हा वृत्तांत १७७४ साली प्रसिद्ध झाला. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. चमचाभर तेलाला वीस गुंठ्यांनी भागलं तर थर येतो दोन-अडीच नॅनोमीटरचा, म्हणजे जवळजवळ एका रेणूच्या जाडीचा. हा भागाकार फ्रँकलिननं केला नाही. नाहीतर रेणूचं माप माणसाला शंभर वर्षं आधी सापडलं असतं.

पुढचं पाऊल पडलं ते जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात, एका घराच्या स्वयंपाकघरात. आग्नेस पोकेल्स, जन्म १८६२. मुलींना तेव्हा तिथल्या विद्यापीठांत प्रवेश नव्हता आणि घरात आजारी आईवडील होते. खरकटी भांडी धुताना तेलकट पाण्याचा पृष्ठभाग वेगळा वागतो हे तिच्या लक्षात आलं. तिनं पत्र्याचं एक लांबट पात्र केलं. त्यातल्या पाण्यावर तेलाचा थर सोडून पत्र्याच्या पट्टीनं तो एका बाजूला ढकलायचा आणि पाण्याला टेकवलेलं एक बटण वर खेचायला किती जोर लागतो ते तराजूनं मोजायचं. एवढ्या साधनांवर तिनं थर दाटला की पृष्ठताण कसा बदलतो याची मोजमापं केली. जानेवारी १८९१ मध्ये तिनं ती इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्रातून कळवली. पत्र जर्मनमध्ये होतं. लेडी रॅलेंनी त्याचं भाषांतर केलं आणि रॅलेंनी स्वतःच्या शिफारशीसह ते 'नेचर' नियतकालिकाकडे पाठवलं. १२ मार्च १८९१ रोजी ते छापून आलं. पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर यांनी तशाच पात्रावर मोठं काम केलं आणि १९३२ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

लँगम्यूर यांच्या सहकारी कॅथरीन ब्लॉजेट तर आपल्या विषयाच्या अगदी जवळ येतात. केंब्रिज विद्यापीठात भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. साबणाच्याच जातीच्या एका पदार्थाचे एकेका रेणूचे थर त्यांनी काचेवर चढवले. ४४ थर झाले आणि काचेवरचं प्रतिबिंब नाहीसं झालं, जणू काच तिथं नव्हतीच. हा शोध १९३८ सालचा. त्या ४४ थरांची मिळून जाडी होती साधारण ०.१ मायक्रॉन. बॉनेटवरच्या मेणाचा हिशेब करताना आपल्याला जो आकडा मिळाला, तोच! एवढ्या जाडीचा थर अचूक, सारखा बसला तर काच दिसेनाशी होते आणि वेडावाकडा बसला तर बॉनेटवर पट्टे दिसतात.

आता बाटलीत काय असतं ते पाहू. पाणी आणि मेण एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून मेणाचे अतिसूक्ष्म थेंब करून, प्रत्येकाभोवती साबणासारख्या रेणूंचं कुंपण घालून ते पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. दूधही याच पद्धतीनं पाण्यात स्निग्धांश धरून ठेवतं. बाटली बरेच दिवस पडून राहिली की हे थेंब वर किंवा खाली जमतात. मग पहिल्या फवाऱ्यात नुसतं पाणी येतं किंवा गच्च मेण येतं. बाटली हलवून घ्या, असं लिहिलेलं असतं ते यासाठी. आजच्या बऱ्याच बाटल्यांत सिलिकोनचे पॉलिमरच जास्त असतात, पण मेणांमध्ये मान अजून कार्नौबाचा आहे.

कार्नौबा हे ताडाच्या कुळातलं झाड. ईशान्य ब्राझीलमधल्या सेआरा, पियाउई आणि रिओ ग्रांदे दो नॉर्ते या कोरड्या प्रांतांत ते वाढतं. कडक उन्हाळ्यात पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून हे झाड पानांवर मेणाचा थर चढवतं. लांब बांबूला विळा बांधून पानं कापतात, उन्हात वाळवतात, मग झोडपून त्यांवरची मेणाची भुकटी पाडतात आणि ती वितळवून गाळून घेतात. हे मेण ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतं आणि नैसर्गिक मेणांमध्ये सगळ्यांत कठीण मानलं जातं. चॉकलेटच्या गोळ्यांवर आणि औषधांच्या गोळ्यांवर जी तकाकी असते, तीही पुष्कळदा याच पानांची. हर्बर्ट फिस्क जॉन्सन हा पॉलिशचा अमेरिकी कारखानदार १९३५ साली पाण्यावरही उतरणारं एक विमान घेऊन विस्कॉन्सिनहून थेट ब्राझीलला गेला, ते याच झाडांच्या शोधात.

झाडानं स्वतःचं पाणी राखण्यासाठी केलेली ही सोय आपल्या परसातल्या अळवानंही केली आहे. बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ साली कमळाच्या पानावर पाणी का ठरत नाही ते दाखवलं. त्यांच्या अभ्यासात अळूही होता. या पानांवर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे बारीक स्फटिक. थेंब त्यांच्या टोकांवरच तोलला जातो आणि जवळजवळ पूर्ण गोल होऊन घरंगळतो. वॅक्स केलेल्या गाडीवर पाण्याचे मोती होतात, पण अळवावर होतात तितके गोल होत नाहीत. थेंबाची कड पत्र्याशी साधारण १०० ते ११० अंशांचा कोन करते, अळवावर तो १५० च्या पुढे जातो. गाडीला अळवासारखं खडबडीत मेण दिलं तर? पाणी ठरणार नाही हे खरं, पण चमकही जाईल. अळवाच्या पानाकडे नीट पाहा, त्यात कधी आपला चेहरा दिसत नाही. आरशाची चमक हवी तर मेण सपाटच बसलं पाहिजे.

ते सपाट बसू न देणारा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तापलेला पत्रा. चहाचा थेंब ओट्यावर सुकला की मधोमध फिका डाग आणि भोवती गडद कडं उरतं. असं का होतं, याचं उत्तर १९९७ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी दिलं. थेंबाची कड जमिनीला चिकटून राहते आणि पाणी कडेशी जास्त वेगानं उडतं. ती तूट भरून काढायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि येताना बरोबरचा सगळा माल तिथं आणून टाकतं. उन्हात उभ्या असलेल्या बॉनेटवर फवारा मारला की त्यातल्या शेकडो थेंबांचं एकाच वेळी हेच होतं. फडकं पोचेपर्यंत प्रत्येक थेंबानं आपलं कडं आखलेलं असतं, आणि आपण जे फासतो ती या कड्यांची खरड.

गाडी धुतलेलं पाणी बोअरचं असेल तर आणखी एक भानगड. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. गाडी न पुसता वाळू दिली तर ते पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपानं मागे राहतात आणि वॅक्स त्यांच्यावर बसतं. मग वॅक्स खाली क्षार झाकून बसलेलं असतं आणि दोष मात्र त्याच्या माथी जातो.

उरलं फडकं. मायक्रोफायबरचा धागा एक डेनियरहून बारीक असतो. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन एक ग्रॅम भरलं तर तो एक डेनियर. इतके बारीक तंतू करण्याची वाट जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांच्या कामातून मोकळी झाली आणि १९७० साली त्यापासून केलेलं कापड बाजारात आलं. पुसायच्या फडक्यात पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड एकत्र ओढून नंतर तंतू चिरलेले असतात, त्यामुळे त्यांना धारदार कोपरे आणि मधे असंख्य फटी मिळतात. जादा मेण या फटींत ओढलं जातं. फटी भरल्या की काम थांबतं. मग फडकं मेण उचलत नाही, इकडचं तिकडे नेतं, जसं ओल्याच पोत्यानं फरशी पुसत राहिलं की डाग जाण्याऐवजी पसरतो. कपडे मऊ करण्याचं कंडिशनर घालून फडकं धुतलं तर या फटी आधीच बुजलेल्या असतात. म्हणून मायक्रोफायबर वेगळं धुवावं, सौम्य साबणानं, आणि भरपूर पाण्यात खळबळून सावलीत वाळवावं.

इतकं कळलं की लावायची रीत आपोआप ठरते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, सावलीत, पत्रा हाताच्या मागच्या बाजूला थंड लागेल तेव्हाच सुरू करा. गाडी धुऊन पूर्ण कोरडी करा. आरशाखाली, नंबरप्लेटच्या कडेला, दरवाज्याच्या फटीत साठलेलं पाणी नंतर ओघळून सगळं बिघडवतं, तेही टिपून घ्या. बाटली हलवा. एका वेळी अर्धं बॉनेट किंवा एक दरवाजा, त्याहून मोठा भाग नको. त्या भागाला एक फवारा पुरतो. हात बसलेला नसेल तर तो पत्र्यावर न मारता फडक्यावर मारा, म्हणजे थेंब सुटे पडणारच नाहीत. फडक्याची चौपदरी घडी घाला, म्हणजे वापरायला आठ बाजू मिळतात. सरळ रेषेत, आधीचा ओढा थोडा झाकत पुसा आणि वॅक्स सुकण्याची वाट न बघता लगेच दुसऱ्या, पूर्ण कोरड्या फडक्यानं हलक्या हातानं घासा. थर सपाट होतो तो या दुसऱ्या फडक्यानं, आणि घाईत लोक नेमकं तेच गाळतात.

हवेप्रमाणे थोडा फरक करावा लागतो. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात फवारा पत्र्यावर पोचतो न पोचतो तोच सुकू लागतो. तिथं भाग आणखी लहान घ्या. मुंबईत आणि कोकणात पावसाळी दमट हवेत पाणी उडायलाच तयार नसतं. पुसल्यावर सगळं लख्ख दिसतं आणि थोड्या वेळानं पुन्हा धूसर होतं. तिथं दहा-पंधरा मिनिटांनी कोरडं फडकं आणखी एकदा फिरवायचं.

काम झालं की मोबाइलचा टॉर्च लावून पत्र्याकडे बाजूनं, अगदी तिरकं बघा. नजर जितकी तिरकी तितका पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश वाढतो, त्यामुळे समोरून न दिसलेले पट्टे तिथं सापडतात. सापडले तर त्यावर आणखी वॅक्स ओतण्याचा मोह आवरा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, त्यात क्षार नसतात. ते फडक्यावर किंचित शिंपडून पट्टा पुसा आणि लगेच कोरडं करा. साबणासारखे रेणू पाण्यात विरघळतात आणि त्यांच्याबरोबर जादा मेणही सुटतं. बहुतेक पट्टे एवढ्यानं जातात.

एक काळजी मात्र जरूर घ्या. पुढच्या काचेवर, ब्रेकच्या डिस्कवर, दुचाकीच्या टायरवर आणि सीटवर वॅक्स जाता कामा नये. काचेवर गेलं तर रात्रीच्या पावसात वायपर ते फासतो आणि समोरच्या दिव्यांचा झगमगाट डोळ्यांवर येतो. ब्रेकवर गेलं तर गाडी थांबायला उशीर होतो. चाकांजवळ बाटली नेऊच नका, तिथं फडक्यावर घेऊन पुसा.

दसऱ्याला तर घरोघरी गाड्या धुतल्या जातात, हार घातले जातात. त्या सकाळची घाई टाळा आणि वॅक्स आदल्या संध्याकाळी लावा. पूजेनंतर हळदकुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या तापल्या पत्र्यावर राहू देऊ नका, त्यांचे डाग मेणाच्या या थराला पेलत नाहीत. स्प्रे वॅक्स काही आठवडे टिकतं, कधी महिना-दोन महिने. गाडी धुताना पाण्याचे मोती होण्याऐवजी पाणी पत्र्यावर सपाट पसरू लागलं की थर संपला असं समजा आणि पुन्हा एक फवारा मारा, एकच.